तीन किलो प्रेशर

गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीने गच्चीवर प्रेशर पंप बसवला. इमारत पुण्यातली, पाच मजली, पंधरा वर्षं जुनी. तोवरची व्यवस्था अशी होती की जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून ते स्वतःच्या वजनाने घरोघर उतरायचं. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतो. त्यामुळे अशा इमारतींमध्ये पाण्याच्या बाबतीत तळमजला श्रीमंत आणि सगळ्यात वरचा मजला गरीब असतो. आमच्या पाचव्या मजल्यावरचे शॉवर आणि टाकी यांच्यात जेमतेम चार मीटरचं अंतर होतं. तिथली मंडळी चार वर्षं दर सभेत सांगत होती, की गीझर लावला की करंगळीएवढी धार येते आणि बादली भरेपर्यंत पाणी गार होतं. अखेर वर्गणी निघाली आणि पंप आला. त्याच्यासोबत गॅस सिलिंडरसारखी एक फुगीर निळी टाकी आली. तिच्या आत रबराची पिशवी असते आणि पिशवीपलीकडे दाबलेली हवा. कुणी नळ उघडला की आधी ती हवा पाणी ढकलते. दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की पंप सुरू होतो आणि वरच्या आकड्याला पोचला की बंद होतो. पाचवा मजला खूश झाला. सभेत पेढे वाटले गेले.

आम्ही चौथ्यावर. पंप लागला त्याच आठवड्यात आमच्या फ्लशच्या टाकीला कंठ फुटला.

आधी ही टाकी भरते आहे हे कळायचंही नाही. तीन-चार मिनिटं एखादा माणूस पुटपुटावा तसा आवाज यायचा आणि थांबायचा. आता फ्लश केला की पहिल्यांदा घरघर, टाकी भरत आली की शिट्टी, शिट्टीचा सूर चढत चढत कुकरच्या जवळपास आणि शेवटी भिंतीच्या आत कुणी बुक्की मारल्यासारखं ‘धप्’. हे एकवेळ ठीक होतं, कारण फ्लश केला की आवाज येणार हे आपल्याला माहीत असतं. पण रात्री, कुणीही फ्लश केलेला नसताना, टाकी आपली आपण शिट्टी घालायची. पाच-सात मिनिटं सूर धरायची, गप्प व्हायची आणि पुन्हा अर्ध्या तासाने सुरू.

फ्लशच्या टाकीतलं यंत्र घरातल्या सगळ्या यंत्रांमध्ये बहुधा सगळ्यात साधं. पाण्यावर तरंगणारा एक चेंडू. त्याला एक दांडी. दांडीच्या दुसऱ्या टोकाला रबराचा वॉशर आणि त्याच्यासमोर पाणी येण्याचं भोक. टाकी रिकामी झाली की चेंडू खाली येतो, भोक उघडतं. पाणी चढलं की चेंडू वर जातो, वॉशर भोकावर दाबला जातो. वीज नाही, सेन्सर नाही. ज्या गोष्टीचं नियंत्रण करायचं तीच गोष्ट मोजून तिच्यावरूनच झडप हलवायची, या कल्पनेला इंजिनिअरिंगमध्ये फीडबॅक म्हणतात. कंट्रोल सिस्टिम्सच्या इतिहासात याचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणून अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसचं पाण्याचं घड्याळ सांगतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने तरंगत्या झडपेने घड्याळातल्या पाण्याची पातळी स्थिर ठेवली होती. मी दिवसभर ज्या सर्व्हर्सची देखभाल करतो, तेही लोड मोजून आपली संख्या कमी-जास्त करतात. तत्त्व तेच, फक्त बिल मोठं.

हेडफोन लावून काम करणाऱ्या माणसाला एक शिट्टी घालणारी टाकी वर्षभर सहज पुरली असती. पण घरात आई होती.

बाबा गेल्यानंतर आई लातूरहून माझ्याकडे राहायला आली. ‘थोडे दिवस’ असं तिचं म्हणणं आहे आणि त्या थोड्या दिवसांना आता चौदा महिने झालेत. टाकीच्या आवाजाने तिची झोप मोडायची, एवढं सांगून पुरत नाही. शिट्टी सुरू झाली की ती उठून बसायची, चप्पल न घालता अंधारात बाथरूममध्ये जायची, नळ उघडायची आणि खाली बादली लावायची. बादली अर्धी भरेपर्यंत तिला कळायचं की आपण पुण्यात आहोत. मग नळ बंद करून ती परत यायची, पण तोवर झोप गेलेली असायची. सकाळी बाथरूममध्ये दोन बादल्या, एक टब आणि स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं असं काठोकाठ भरून ओळीने मांडलेलं असायचं. एप्रिलमध्ये तिचा रक्तदाब तपासला तेव्हा आकडा नेहमीपेक्षा बराच वर होता. डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी विचारलं, “झोप कशी आहे?” आई म्हणाली, “झोप चांगलीय की. फक्त रात्री पाणी येतंय.”

डॉक्टरांना हे कळलं नाही. मला कळलं, कारण मी त्या घरात वाढलो आहे.

लातूरला आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी यायचं, उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी. कधी येईल ते व्हॉल्व्हमनला माहीत, कधीकधी त्यालाही नाही. बहुतेक वेळा रात्री. दाब इतका कमी की नळ जमिनीच्या वर चालायचाच नाही, म्हणून दारासमोर दोन फूट खड्डा खणून नळ त्यात उतरवलेला. गल्लीत सगळ्यांचेच नळ असे खड्ड्यात. दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर, म्हणजे ०.०६ किलोचा फायदा. एवढ्यासाठी खड्डा खणणारी माणसं आम्ही. खड्ड्यातून मोटर लावून पाणी हौदात घ्यायचं, हौद भरला की टिपाड, मग हंडे, कळशा, शेवटी डबे आणि बाटल्या. वीज नसली तर तांब्याने.

आणि पाणी येण्याआधी आवाज यायचा. रोज पाणी नसलं की जमिनीतली पाइपलाइन रिकामी होते आणि तिच्यात हवा शिरते. तिकडे व्हॉल्व्ह उघडला की येणारं पाणी या हवेला पुढे ढकलत आणतं. त्यामुळे उघड्या नळातून आधी फुसफुस ऐकू येते, मग बारीक शिट्टी, मग खाकरल्यासारखे दोन-तीन ठसके आणि मग गढूळ पाणी. शिट्टी ते पाणी, मधे पाचेक मिनिटं. आई नळ उघडा ठेवून खिडकीजवळ झोपायची. शिट्टीला ती उठायची, मोटर जोडायची आणि शेजारच्या दोन घरांच्या कड्या वाजवायची. आम्हाला जाग यायची ती मोटरच्या आवाजाने. मला आठवतं तेव्हापासून शिट्टी ऐकणारी व्यक्ती घरात एकच होती. बाबांची शाळा सकाळची, माझा अभ्यास, त्यामुळे हे खातं तिच्याकडेच राहिलं.

२०१६ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुण्यात होस्टेलवर होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये लातुरात १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. देशभरच्या चॅनेलांनी ती गाडी दाखवली. मी होस्टेलच्या मेसमध्ये उभं राहून बघितली. त्या आठवड्यात आई फोनवर म्हणाली, “सुट्टीत येऊ नको. तिथंच राहा, निदान आंघोळ तर होईल.” फ्लशच्या जुन्या टाकीत दहा लिटर पाणी मावतं. देशभर गाजलेल्या त्या गाडीत अशा टाकीचे पन्नास हजार फ्लश होते. हा हिशोब मी तेव्हा मांडला नव्हता. तो या उन्हाळ्यात, टाकीचं झाकण उघडून बसलो असताना सुचला.

माझ्या नोकरीत ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. दर चार आठवड्यांतून एक आठवडा, रात्री कधीही सिस्टिम बिघडली तर फोन वाजणार आणि पंधरा मिनिटांत लॅपटॉप उघडायचा. फोनचा तो विशिष्ट सूर दुसऱ्या कुणाच्या फोनवर, अगदी बसमध्ये वाजला तरी पोटात खड्डा पडतो. पण आमच्याकडे चार जण असतात. सोमवारी सकाळी पाळी बदलते. पाळी सोपवताना काय बिघडलं होतं, काय अर्धवट आहे, कशावर लक्ष ठेवायचं हे लिहून द्यावं लागतं आणि मग आपण फोन सायलेंट करून झोपू शकतो. रात्री उठावं लागलं तर भत्ता मिळतो. आई साधारण तीस वर्षं ऑन-कॉल होती. तिची पाळी कधी बदलली नाही. आणि आता साठीनंतर, चोवीस तास पाणी असलेल्या घरात, गच्चीवरच्या एका पंपाने तिला पुन्हा कामावर बोलावलं होतं.

म्हणून टाकी दुरुस्त करायची होती, आणि लवकर करायची होती.

सोसायटीत नेहमी येणारा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. देशातल्या कितीतरी शहरांतले प्लंबर त्या एका भागातून येतात. त्याने टाकीचं झाकण काढलं, चेंडू वर-खाली केला, कनेक्शनची नळी सोडून तिच्या तोंडावर अंगठा धरला आणि अंगठ्याच्या कडेने उडालेलं पाणी बघून निदान केलं, “तीन किलो का प्रेशर है, सर. ये बॉल कॉक एक किलोवाला है.” म्हणजे बिघाड नव्हता. ज्या दाबासाठी झडप बनली होती तो दाबच उरला नव्हता. त्याचा उपाय होता, नवं किट बसवा, नऊशे रुपये. पण तिसऱ्या मजल्यावर त्यानेच बसवलेलं नवं किट महिनाभरात शिट्टी घालू लागलं होतं, हे तोच प्रामाणिकपणे सांगत होता. मी त्याच्याकडे दोन दिवस मागितले आणि बाजारातून दाब मोजायचा काटा आणला. घड्याळासारखी डायल, पितळी शेपूट. तो बाथरूममधल्या वॉशिंग मशीनच्या नळाला जोडला.

वॉचमनला सांगून दहा मिनिटं पंप बंद ठेवला तेव्हा काटा ०.७ वर. टाकी आमच्यापेक्षा सातेक मीटर उंच, म्हणजे हिशोब जुळला. पंप चालू केला की काटा २.२ ते ३.१ यांच्यामध्ये खालीवर. प्लंबरच्या अंगठ्याचा अंदाज बरोबर होता.

आता झडपेकडून बघा. पाणी येण्याचं भोक ६ मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ ०.२८ चौरस सेंटिमीटर. पूर्वीच्या ०.७ दाबाला पाणी वॉशरला सुमारे २०० ग्रॅमच्या जोराने ढकलायचं. ३.१ ला तोच जोर ८८० ग्रॅमच्या आसपास जातो. हा जास्तीचा ६८० ग्रॅमचा भार पेलायचा कुणी, तर चेंडूने. दांडीच्या तरफेमुळे चेंडूला आठपट फायदा मिळतो, म्हणजे त्याला ८५ ग्रॅम जास्तीचा रेटा हवा. तो मिळतो पाण्यात आणखी ८५ मिलिलिटर बुडून. ९ सेंटिमीटर व्यासाच्या अर्ध्या बुडालेल्या चेंडूला त्यासाठी पाणी सुमारे १.३ सेंटिमीटर जास्त चढावं लागतं. आणि आमच्या टाकीत पाण्याची पातळी आणि ओव्हरफ्लोच्या नळीचं तोंड यांच्यात अंतर होतं बरोबर १ सेंटिमीटर.

रात्रीच्या शिट्टीचं कोडं इथे सुटतं. दाब २.२ असतो तेव्हा पाणी ८-९ मिलिमीटर जास्त चढतं आणि झडप कशीबशी बंद होते. पंप सुरू होऊन दाब ३.१ ला गेला की ती किंचित उघडते. चढलेलं पाणी ओव्हरफ्लोमधून मुकाट निघून जातं, पातळी काही त्यापुढे जात नाही, त्यामुळे झडप बंद होऊ शकत नाही. केसाएवढ्या फटीतून पाणी प्रचंड वेगाने निघतं, रबराचा वॉशर थरथरू लागतो आणि ती थरथर पितळेतून पाइपात, पाइपातून भिंतीत जाते. थरथर भिंतभर पसरते, म्हणून एवढ्याशा रबराचा आवाज आईच्या उशीपर्यंत पोचायचा. पंपाच्या प्रत्येक फेरीला एक शिट्टी. रात्री दोन वाजता कुणीच पाणी वापरत नसताना पंप दर अर्ध्या तासाने सुरू होत होता, त्यावरून इमारतीत आमच्यासारख्या आणखी बऱ्याच टाक्या असणार हेही कळलं.

शिट्टी चालू असताना ओव्हरफ्लोच्या तोंडाशी मोजमापाचा कप धरला. एका मिनिटाला १५० मिलिलिटर. दिवसातले निम्मे तास धरले तरी १०८ लिटर. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हा सरकारी नियोजनाचा मापदंड आहे. म्हणजे जवळपास एका माणसाच्या वाटचं पाणी आमच्या संडासातून, कुणीही न वापरता, रोज जात होतं. हा आकडा आईला सांगितल्यावर तिने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, “किती दिवसापासून?” पंप बसल्यापासून, म्हणालो. तिने मनात गुणाकार केला असणार. तिला हंड्यांमध्ये गुणाकार येतो.

दुरुस्ती एका वेळी एकच बदल करत केली, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. पहिला बदल म्हणजे टाकीखालचा अँगल कॉक पाऊण बंद केला. घरघर थांबली आणि शेवटचं ‘धप्’ही गेलं. वाहतं पाणी अचानक अडवलं की त्याचा वेग दाबाच्या लाटेत बदलतो आणि ती लाट नळातून मागे धावते. १८९७-९८ मध्ये रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्कीने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर याचेच प्रयोग केले होते. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी लोखंडी नळात एका झटक्यात थांबवलं, तर दहा किलोहून जास्त दाब उसळतो. पाणी हळू येऊ लागल्यावर आमच्या भिंतीतली बुक्की आपोआप निवली.

रात्रीची शिट्टी मात्र तशीच राहिली. अँगल कॉक अडवतो तो वाहता प्रवाह. धार मोठी असली तर अरुंद वाटेत तिचा दाब खर्च होतो. पण झडप जवळजवळ बंद असते, थेंबाथेंबाने पाणी जात असतं, तेव्हा त्या वाटेत खर्च होण्यासारखं काही नसतं. मागचा सगळा ३.१ किलो वॉशरवर जसाच्या तसा येऊन उभा राहतो. नळ बारीक केला की प्रेशर कमी होतं असं आपण सगळेच बोलतो. चालू नळापुरतं ते खरंही आहे.

दुसरा बदल, चेंडूची पितळी दांडी पक्कडीत धरून खाली वाकवली. पातळी तीन सेंटिमीटर उतरली, ओव्हरफ्लो बंद झाला. शिवाय दर फ्लशला पावणेदोन-दोन लिटर पाणी कमी लागू लागलं आणि त्याने कुणाचं काही अडलं नाही. तिसरा बदल वॉशरचा. जुना काढला तेव्हा त्याच्यावर भोकाच्या आकाराचं वर्तुळ पंधरा वर्षांत खोल कोरलं गेलं होतं. नवा दहा रुपयांना मिळाला. आता शिट्टी फक्त टाकी भरताना, शेवटचं अर्धं मिनिट आणि फक्त पंप जोरात असताना. आईची झोप तेवढ्यानेही मोडायची. चौथा बदल खर्चाचा होता. बाथरूमची लाइन जिथे डक्टमधून आत येते, तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवायचा. घरमालकांना फोन केला, ते म्हणाले, करून घ्या, भाड्यातून वळते करा. केंद्रपाड्याच्या त्याच प्लंबरने डक्टमध्ये अर्धा लटकत तो बसवला. आत एक स्प्रिंग आणि एक पडदा, पुढचा दाब मर्यादेपलीकडे गेला की पडदा वाट बंद करतो. पुन्हा तोच क्टेसिबिअसचा खेळ, फक्त तिथे पातळी होती, इथे दाब. स्क्रू फिरवून काटा १.५ वर आणला. पूर्वीच्या दुप्पट दाब, म्हणजे शॉवरलाही तक्रार नाही. मी फ्लश केला. आम्ही तिघं बाथरूमच्या दारात उभं राहून ऐकत होतो. टाकी पुटपुटत भरली आणि गप्प झाली. प्लंबर म्हणाला, “शांत.”

त्या रात्री अडीच वाजता बाथरूमचा दिवा लागला.

आई बेसिनचा नळ उघडून उभी होती. नळाला पाणी होतं. मी विचारलं, आवाज आला का? ती म्हणाली, “नाही ना. म्हणून तर उठले. म्हटलं पाणी गेलं का काय.”

चार रात्री असंच झालं. शिट्टी होती तेव्हा तिला वाटायचं पाणी येलालंय, आता शांतता होती तर वाटायचं पाणी गेलं. तीस वर्षं तिचे कान दोन्ही बातम्या एकाच जागेवरून ऐकत होते. आवाज म्हणजे ऊठ आणि भर. आवाज नाही म्हणजे किती उरलंय ते मोज. आवाज असो वा नसो, निवांत झोप, असा अर्थ त्यात कधीच नव्हता. झडपेची दांडी वाकवता येते. इथे वाकवायला काही नव्हतं. तिला “चोवीस तास पाणी आहे” असं मी चौदा महिने सांगत होतो आणि तिला ते समजतही होतं. प्रश्न तिच्या समजण्याचा नव्हताच.

मला ऑफिसातली पाळी आठवली. ऑन-कॉलवरून उतरताना कुणी नुसतं “सगळं ठीक आहे, झोप” म्हटलं तर झोप लागत नाही. डॅशबोर्ड बघितला की लागते. आकडे हिरवे आहेत, पुढच्या माणसाने पाळी घेतली आहे, हे दिसावं लागतं. वॉशिंग मशीनच्या नळाला लावलेला काटा मी अजून काढला नव्हता. पाचव्या रात्री आईला तिथे नेलं आणि तो वाचायला शिकवला. हा दीडवर आहे तोवर पंप चालू आहे, वरच्या टाकीत पाणी आहे. पाऊणच्या खाली आला तर पंप बंद आहे, पण टाकीत पाणी आहे. शून्यावर आला तरच पाणी गेलं. तिने चष्मा लावून बघितलं. म्हणाली, “एवढंच?” मग नळ उघडून काटा थरथरतो का ते पाहिलं, नळ बंद करून तो परत दीडवर येतो का ते पाहिलं. तिची तपासणी माझ्यापेक्षा कडक होती.

आता झोपण्याआधी ती काटा बघते. देवाला दिवा लावण्याइतकंच ते नेमाचं झालंय. “दीड आहे,” असं जाता जाता मला सांगते. पहिल्या आठवड्यात ती रात्री एकदा उठून बघायची. मग एकाआड एक दिवस. अँगल कॉक तिने स्वतःच्या हाताने थोडा उघडला. तिच्या मते टाकी भरताना इतका तरी आवाज हवा, की जागं असलेल्या माणसाला कळावा आणि झोपलेल्याला कळू नये. ही जागा शोधायला तिला दोन दिवस लागले. कॉक आता तिथेच आहे आणि त्याला हात लावायची मला परवानगी नाही. मेअखेरीस रक्तदाब पुन्हा मोजला. डॉक्टरांनी गोळी आहे तीच ठेवली.

दरम्यान तिने पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या टाकीची दांडी वाकवून दिली. मग दुसऱ्या मजल्यावरची. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी १०८ लिटरचा हिशोब टाकला होता, त्याला सात अंगठे आले होते. आई झाकण उघडून ओव्हरफ्लोमधून जाणारं पाणी दाखवते, मग लोक स्वतःच पक्कड शोधायला जातात. रात्री पंप आता क्वचितच सुरू होतो, असं वॉचमन सांगतो.

जूनमध्ये एका गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी शहरातला पाणीपुरवठा बंद होता. अशा दिवशी वरची टाकी पुरावी म्हणून वॉचमन संध्याकाळीच पंप बंद करतो. माझा ऑन-कॉलचा आठवडा होता, मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आई नेहमीप्रमाणे बाथरूममधून आली. “काटा पाऊणच्याही खाली आलाय,” ती म्हणाली. “पंप बंद केलाय वाटतं. तू जागाच आहेस ना? मग दोन बादल्या भरून ठेव.”

आणि ती झोपायला गेली. मी बादल्या भरून परत येईपर्यंत तिच्या खोलीतला दिवा बंद झाला होता.